सांबार एकच, पळ्या तीन



या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एक तक्रार ठरलेली असते. "मूल वरण-भाताच्या पुढे सरकतच नाही. आमटी पुढे केली की तोंड फिरवतं. मग त्याचं पातेलं वेगळं, मोठ्यांचं वेगळं. सकाळच्या घाईत दोन-दोन स्वयंपाक कुठवर करायचे?" दुसरी तक्रार अगदी उलटी. "सासूबाई म्हणतात, आमच्या घरची पोरं दात आले की तिखट खायला लागतात. त्या नातवाला कालवणात भाकरी कुस्करून देतात. लेकरू नाक-डोळे पुशीत, घासागणिक पाणी पीत जेवतं."

दोन्ही घरांतल्या बायका मुलाच्या भल्यासाठीच धडपडत असतात. घोटाळा होतो तो एका समजुतीने. मसाला म्हणजे तिखट असं आपण धरून चालतो. म्हणून एका घरी मुलाला मसालाच वर्ज्य होतो, आणि दुसऱ्या घरी मसाल्याबरोबर मिरचीही त्याच्या गळी उतरवली जाते. खरं पाहता या दोन वस्तू वेगळ्या आहेत आणि पातेल्यातही त्या वेगळ्या ठेवता येतात. आज सांबाराच्या निमित्ताने ते करून पाहू.

सांबाराचं नाव

सांबारच का, याला कारण आहे. मी राहते शिरूर तालुक्यात, भीमेकाठच्या वढू बुद्रुकला. छत्रपती संभाजी महाराजांची समाधी आमच्या गावात आहे. ११ मार्च १६८९ रोजी महाराजांची हत्या झाली. त्या तिथीला, फाल्गुन अमावास्येला, दर वर्षी दूरदूरची माणसं इथे येतात. आणि सांबाराच्या नावाची जी कथा सांगतात, ती महाराजांच्याच नावाशी जोडलेली आहे.

शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी राजे यांनी तंजावरला मराठी राज्य उभं केलं. त्यांचे चिरंजीव शहाजी राजे १६८४ ते १७१२ या काळात तिथे गादीवर होते, म्हणजे नात्याने संभाजी महाराजांचे चुलतभाऊ. कथा अशी, की तिथल्या मुदपाकखान्यात आमटी करायची तर आमसुलं संपलेली. मग कुणीतरी त्या मुलखातल्या रीतीप्रमाणे डाळीत चिंच घातली. चव जमून आली, आणि पाहुणे म्हणून आलेल्या संभाजीराजांच्या नावावरून त्या आमटीला सांबार म्हणू लागले.

वर्गात मुलं विचारतात, "बाई, हे खरं का हो?" मी त्यांना सांगते, गोष्ट म्हणून खुशाल सांगा, इतिहासाच्या पेपरात मात्र लिहू नका. 'संभार' हा शब्द मुळात जुनाच. साहित्य, जमवाजमव असा त्याचा अर्थ. विदर्भात कोथिंबिरीला आजही सांभार म्हणतात, आणि मालवणी घरांत वड्यांबरोबर काळ्या वाटाण्याचं सांबारं होतं. तेव्हा शब्द आपल्याला परका नव्हे.

तंजावरचं मराठी राज्य १८५५ पर्यंत टिकलं. दुसऱ्या सरफोजी राजांच्या काळातला, १८०३ सालचा लांबलचक मराठी शिलालेख तिथल्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर आजही वाचता येतो. त्या मुलखात पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या मराठी घरांनी आपली तुरीची डाळ सोडली नाही, पण आंबटाला तिथली चिंच जवळ केली. आपली आमटी आणि त्यांचं सांबार म्हणजे चुलत बहिणीच म्हणा ना! म्हणूनच हा पदार्थ आपल्या मुलांच्या ताटात आणताना काही नवं शिकवल्यासारखं वाटत नाही.

आमच्याकडे सणसवाडी-शिक्रापूर भागात कारखाने आले, तशी दक्षिणेकडची पुष्कळ कुटुंबं राहायला आली. आमच्या शेजारी तंजावरकडच्या एक बाई राहतात. त्यांना मी विचारलं, "अक्का, तुमच्याकडे लहान मुलांना सांबार कधीपासून देता?" त्या हसून म्हणाल्या, "ताई, आधी परुप्पु सादम. डाळ, भात, तूप. मग पातळ रसम्-भात. मग सांबार. एकदम नाही, पायरी-पायरीने." मोडक्या मराठीत त्यांनी सांगितलेलं हे सूत्र मला फार पटलं.

तिखट वेगळं, मसाला वेगळा

गोड, आंबट, खारट, कडू या चवी जिभेला कळतात. मिरचीचा तिखटपणा मात्र चव नसून जळजळ आहे. मिरचीतल्या एका द्रव्यामुळे, उष्ण पदार्थाने भाजल्यावर होते तशी संवेदना होते. लहान मुलाला ती आपल्यापेक्षा जास्त जाणवते, आणि आपल्याला काय होतंय ते त्याला सांगता येत नाही. ते द्रव्य पाण्यात फारसं विरघळत नाही, तेला-तुपात विरघळतं. म्हणून तिखट लागल्यावर तांब्याभर पाणी पिऊन उपयोग होत नाही. उलट पाण्याने पोट भरतं आणि जेवण तसंच राहतं. अशा वेळी दूध, दही किंवा तूप-भाताचा घास द्यावा.

धने, जिरे, हळद, हिंग, मेथी, कढीपत्ता यांचं तसं नाही. त्यांना वास आहे, स्वाद आहे, पण जाळ नाही. सहा महिन्यांनंतर वरचं अन्न सुरू झालं की चिमूटभर हळद-जिरे-हिंगाला हरकत नसते. स्वादाची ओळख जितकी लवकर होते, तितकं मूल पुढे घरचं अन्न आवडीने खातं. एखादा नवा पदार्थ मुलाने दोनदा थुंकला म्हणून "याला आवडतच नाही" असा शिक्का मारू नये. आठ-दहा वेळा, थोडा थोडा, न रागावता पुढे करावा लागतो. तेवढा धीर आपण धरत नाही आणि बिस्किटाचा पुडा फोडून मोकळ्या होतो.

मी अर्धवेळ शिकवते. सकाळी चहा-बिस्किटावर आलेली मुलं दोन तासांत मलूल होताना रोज पाहते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आपल्या देशातल्या सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या दर १०० मुलांपैकी ६७ मुलांना रक्तक्षय आढळला. एका सांबाराने तो दूर होणार नाही हे खरं. आशाताई लोहाचं औषध देतात ते नेमाने द्यायलाच हवं. पण रोजच्या ताटात डाळ आणि भाजी दाटपणे पडली पाहिजे, ही जबाबदारी तर आपलीच ना? १०० ग्रॅम कोरड्या तूरडाळीत सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात. डाळीत जे कमी असतं ते भातात असतं, आणि भातात कमी असतं ते डाळीत. म्हणून दोन्ही एकत्र खाल्ले की दोघांचाही उपयोग होतो.

मुलांचा सांबार मसाला

बाजारच्या तयार मसाल्यात मिरची आधीच दळलेली असते, ती मागाहून काढता येत नाही. तेव्हा हा बिनमिरचीचा मसाला घरीच करावा. अर्ध्या तासाचं काम आहे.

धने ४ मोठे चमचे, हरभराडाळ २ मोठे चमचे, उडीदडाळ १ मोठा चमचा, जिरे १ लहान चमचा, मेथीदाणे पाव लहान चमचा, मिरी ६ ते ८ दाणे, कढीपत्त्याची दहा-बारा पानं, हळद अर्धा लहान चमचा.

हळद सोडून प्रत्येक जिन्नस मंद आचेवर वेगवेगळा कोरडाच भाजावा. डाळी तांबूस झाल्या पाहिजेत. मेथी जराशी रंग बदलली की लगेच उतरवावी, करपली तर सगळा मसाला कडू होतो. कढीपत्ता कुरकुरीत व्हावा. गार झाल्यावर हळद घालून मिक्सरमध्ये अगदी बारीक दळावे आणि चाळून घट्ट झाकणाच्या बरणीत भरावे. महिनाभर पुरेल एवढाच करावा, जुना झाला की वास उडतो. हळद सुटी घ्यायची असेल तर भडक पिवळ्या रंगाला भुलू नये. तसा रंग यावा म्हणून काही ठिकाणी शिशाचा रंग मिसळतात, आणि शिसे लहान मुलांच्या मेंदूला घातक असते. हळकुंडं आणून दळून घेणं उत्तम.

साहित्य (दोन मोठी माणसं, दोन मुलं)

तूरडाळ पाऊण वाटी, लाल भोपळ्याच्या फोडी १ वाटी, १ गाजर, शेवग्याची १ शेंग, १ टोमॅटो, असल्यास शेवग्याचा कोवळा पाला मूठभर, सुपारीएवढी चिंच, वरचा मसाला दीड लहान चमचा, हळद, हिंग, जिरे, तूप, मीठ.

मोठ्यांच्या फोडणीसाठी: तेल, मोहरी, २ सुक्या लाल मिरच्या, कढीपत्ता, १ लहान चमचा लाल तिखट, सुपारीएवढा गूळ.

कृती

डाळ धुऊन अर्धा तास भिजवावी. हळद, हिंग आणि अर्धा चमचा तूप घालून कुकरमध्ये मऊ शिजवावी. कुकरच्या दुसऱ्या भांड्यात भोपळा, गाजर आणि शेंगेचे तुकडे ठेवावेत. चिंच गरम पाण्यात भिजत घालावी. डाळ शिजल्याशिवाय तिच्यात चिंच घालू नये. आंबटाने डाळ आणि भाजी दोन्ही दडदडीत राहतात, मग कितीही उकळा.

डाळ रवीने चांगली घोटावी. चमचाभर तुपात जिरे तडतडवून त्यावर बारीक चिरलेला टोमॅटो आणि शेवग्याचा पाला परतावा. त्यात डाळ आणि शिजलेल्या भाज्या घालून एक उकळी आणावी.

पहिली पळी इथेच काढायची. ही वर्षाच्या आतल्या बाळाची. यात मीठ नाही, गूळ नाही, चिंच नाही, मसाला नाही. नुसती डाळ, भोपळा, गाजर आणि जिऱ्याचा वास. टोमॅटोची साल आणि जिरे अडकू नयेत म्हणून गाळणीवर पळीने दाबून गाळून घ्यावे. मऊ भातात कालवून वर तूप घालावे.

आता पातेल्यात चिंचेचा निम्मा कोळ, मसाला आणि निम्मेच मीठ घालावे. मंद आचेवर आठ-दहा मिनिटे उकळू द्यावे, म्हणजे मसाल्याचा कच्चेपणा जातो.

दुसरी पळी आता काढावी. ही एक ते पाच वर्षांच्या मुलांची. हिच्यात सांबाराचा सगळा स्वाद आहे, फक्त मिरची नाही. शेंगेतला गर चमच्याने खरवडून त्यात मिसळावा, वरचे चोयटे टाकून द्यावेत.

उरलेल्या सांबारात बाकीचा कोळ, मीठ आणि गूळ घालावा. तेल तापवून मोहरी, मिरच्या, कढीपत्ता आणि शेवटी गॅस बंद करून लाल तिखट घालावे, आणि ही फोडणी वरून ओतावी. ही तिसरी पळी मोठ्यांची. पिठल्याला आपण वरून फोडणी घेतोच की नाही? तसंच हे. ज्यांना झणझणीत हवं त्यांनी आपल्या वाटीत आणखी तिखट घालून घ्यावं. सासूबाईंच्या चवीलाही कमीपणा येत नाही, आणि नातवाच्या डोळ्यांत पाणीही येत नाही.

कोणत्या वयाला किती

सहा ते आठ महिने: सुरुवात दोन-तीन चमच्यांनी. वाढवत वाढवत अर्ध्या वाटीपर्यंत, दिवसातून दोन-तीनदा. (वाटी म्हणजे अडीचशे मिलीलिटरची धरा, आमटीची लहान वाटी नव्हे.)

नऊ ते अकरा महिने: अर्धी वाटी, दिवसातून तीन-चारदा. आता अगदी गुळगुळीत न करता बोटाने चिरडलेलं द्यावं, म्हणजे चावायची सवय लागते.

एक ते दोन वर्षे: पाऊण ते एक वाटी, तीन-चारदा. दुसरी पळी इथून सुरू. पहिल्या दिवशी दोनच चमचे भातात कालवून पाहावे, मसाला मानवला की वाढवावे. दोन वर्षांपर्यंत अंगावरचं दूध चालू ठेवावं.

दोन वर्षांनंतर: इडली किंवा मऊ भाकरी सांबारात बुडवून मुलाला स्वतःच्या हाताने खाऊ द्यावी. सांडेल, कपडे भरतील, त्याची तयारी ठेवावी.

मिरची केव्हा, असं विचाराल तर घाई नको एवढंच सांगेन. चार-पाच वर्षांचं मूल मोठ्यांच्या वाटीत बोट बुडवून स्वतःच चव घेतं. त्याने मागितली की तिसऱ्या पळीतलं चमचाभर सांबार त्याच्या वाटीत मिसळावं. मिरची बेडगी घेतली तर रंग चांगला येतो आणि जाळ कमी असतो. मिरचीचा सगळ्यात जास्त जाळ आतल्या पांढऱ्या शिरेत असतो, तेव्हा ती शीर बियांसकट काढून टाकावी. पण "एवढं खाल्लंस तर तू वाघ" अशा पैजा मुलांशी लावू नयेत. तिखट खाणं हा काही पराक्रम नव्हे.

एवढं सांभाळा

मुलांच्या वाटीत कढीपत्त्याचं अख्खं पान, मिरचीचा तुकडा किंवा शेंगेचा चोयटा जाऊ देऊ नका. घशात अडकतो.

लिंबाच्या रसाचे चार थेंब वाढताना पिळावेत, शिजवताना नव्हे. लिंबातल्या क जीवनसत्त्वाने डाळ-पाल्यातलं लोह अंगी लागतं. जेवणाबरोबर किंवा लगेच मागून चहा दिला तर तेच लोह वाया जातं.

वर्षाच्या आत मध अजिबात देऊ नये, औषधाच्या चाटणातही नाही.

नव्या पदार्थाने अंगावर पुरळ उठलं, उलट्या-जुलाब झाले, शौचातून रक्त पडलं तर घरगुती उपाय करीत बसू नका, डॉक्टरांकडे न्या. अंगणवाडीत दर महिन्याला वजन होतं, त्या कार्डावरची रेघ वर जाते आहे ना, हे आपण स्वतः पाहावं. मूल गुटगुटीत दिसतं की नाही यापेक्षा ती रेघ खरी.

पातेल्याच्या तळाचं

शेवटी एक गोष्ट सांगायची आहे, ती चवीची नाही, वाढण्याची आहे. पाहुणा आला की आपण आमटीत पाणी वाढवतो. मग घट्ट डाळ तळाशी बसते आणि वर पिवळं पाणी राहतं. मुलाला लागू नये म्हणून आपण त्याला नेमकं वरचं पाणीच वाढतो. त्याचं पोट भरल्यासारखं होतं, पण अंगी काही लागत नाही. पळी तळापर्यंत घालून, ढवळून, दाट तेच मुलाला वाढा. भात कालवल्यावर ताट तिरपं केलं तरी ओघळ येऊ नये, इतकं दाट.

आणि या तीन पळ्यांत आईची पळी कुठली? बहुतेक घरांत तिच्या वाट्याला येतं ते मुलाच्या ताटात उरलेलं आणि पातेलं विसळलेलं. दोन पातेल्यांचा स्वयंपाक करणारी बाई दमून शेवटी उभ्या-उभ्या जेवते. एका पातेल्यातून सगळ्यांचं होऊ लागलं की अर्धा तास वाचतो. तो अर्धा तास धुणं काढण्यात घालवू नका. मुलांबरोबर आपलंही ताट वाढून घ्या आणि त्यांच्या शेजारी बसून जेवा. आई जे आवडीने खाते ते मूल न सांगता खातं. आणि ज्यांना दिवस गेले आहेत किंवा ज्या अंगावर पाजतात, त्यांना तर तळाची दाट डाळ मुलाइतकीच हवी.

उरलेलं दुसऱ्या पळीचं सांबार फ्रिजमध्ये ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी खळखळून उकळावं आणि त्यात भिजवलेला तांदूळ शिजवून सांबार-भात करावा. मोठ्या मुलांच्या डब्यालाही तो छान होतो.

तुमच्या घरी मुलांसाठी आमटी, सांबारं किंवा कळण कसं करतात, मिरची कधीपासून देतात, ते जरूर लिहून कळवा. पुढच्या आठवड्यात ज्वारी-नाचणीच्या आंबिलीबद्दल बोलू.